शिस्त नाही, बस नाही: लंडनहून पुण्याच्या वादाबद्दल

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या परत तोच वाद चालूय, पुण्याच्या ट्रॅफिकचा. काकांचं म्हणणं ठरलेलं असतं, "तिकडची लोकं शिस्तीची, आपल्याकडं काहीही आणा, वाटच लावणार." आणि मी शिकायला लंडनला आल्यापासून दर वेळी मलाच साक्षीला ओढतात, सांग गं तू, तिकडं कसं असतं. ग्रुपवर दोन ओळींत ते मावत नाही म्हणून इथं लिहितेय.

काका, लोकं शिस्तीची बिस्तीची काही नाहीयेत. सिग्नल लाल असला तरी पायी माणसं बिनधास्त रस्ता ओलांडतात, आणि तो इथं गुन्हाही नाहीये. दुकानं बंद झाली की कचऱ्याच्या पिशव्या फुटपाथवर येऊन पडतात. शुक्रवारी रात्रीचे रस्ते तर बघवत नाहीत. एवढं मोठं शहर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, टॉवर ब्रिज बघितला, बिग बेन बघितलं, छान आहेत, पण मला खरा धक्का दिला तो बसनी.

मी इलफर्डच्या बाजूला राहते, तिथनं 25 नंबर मिळते, स्ट्रॅटफर्ड, माइल एंड, व्हाइटचॅपल करत थेट शहराच्या मध्यात जाते आणि रात्रभर चालू असते. ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, विद्यार्थ्यांना महाग पडते, बसचं तिकीट 2025 मध्ये 1.75 पाउंड होतं, म्हणजे साधारण दोनशे रुपये, आणि एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बस बदला, परत पैसे नाहीत. (रोख तर 2014 पासून घेतच नाहीत.) त्या बसमध्ये सूट घातलेला माणूस असतो, साफसफाईच्या कामावरनं परत येणाऱ्या बायका असतात, शाळेची पोरं असतात, आणि "गाडी परवडत नाही म्हणून बसनं येते बिचारी" असं कुणाच्या चेहऱ्यावर नसतं. व्हीलचेअरवरच्या एक आजी थांब्यावर होत्या, ड्रायव्हरनी बटण दाबलं, रॅम्प बाहेर आला, त्या चढल्या, बस निघाली, कुणी वळूनही बघितलं नाही. मला माझी आजी आठवली, जी गुडघ्यांमुळं पीएमटीत (पुण्याची शहर बस, आताची पीएमपी) चढणं सोडून कित्येक वर्षं झाली आणि आता देवळात जायलासुद्धा कुणाच्या तरी सवडीची वाट बघते. इथल्या रोजच्या बस 2005 संपायच्या आतच सगळ्या लो-फ्लोअर, म्हणजे पायऱ्या न चढता आत जाता येईल अशा, झाल्यात.

आता कुणी म्हणेल पाउंडातला देश आहे, पैसा आहे. आहेच. पण पैशानं सगळं होत असतं तर याच देशात बाकीच्या शहरांतही असंच चाललं असतं ना? नाही चाललं. 1986 ला लंडन सोडून जवळपास सगळ्या ब्रिटनमध्ये बस खुल्या बाजारावर सोडल्या, कंपनीनं रूट ठरवायचा, कंपनीनं भाडं ठरवायचं, आणि बऱ्याच ठिकाणी लोकं बसपासून तुटत गेली. मँचेस्टरनी तर 2023 पासून टप्प्याटप्प्यानं बस परत शहराच्या ताब्यात घेतल्या, जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण झालं. देश तोच, माणसं तीच, शिस्तही तीच. लंडनमध्येही बस चालवतात खाजगी कंपन्याच, पण रूट, वेळापत्रक, भाडं सगळं ट्रान्सपोर्ट फॉर लंडन (टीएफएल) ही शहराची वाहतूक संस्था ठरवते, तिकिटाचे पैसे त्यांच्याकडं जातात आणि कंपनीला बस चालवण्याचे पैसे मिळतात. म्हणजे आपल्याकडं पीएमपीचं खाजगीकरण करा की करू नका यावर जे रान उठतं, त्यात बस कुणाच्या मालकीची यापेक्षा बस आली नाही तर जाब कुणाला विचारायचा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथं त्या संस्थेचा अध्यक्ष महापौर असतो आणि त्याला लोकं थेट मत देतात. पुण्यात मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात, मग सिंहगड रोडच्या थांब्यावर उन्हात ताटकळणाऱ्या बाईनं कुणाचा दरवाजा ठोठवायचा होता?

दुसरं म्हणजे रस्ता. नगर रोडवरचा बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली वेगळी लेन, काढला तेव्हा किती लोकांना आनंद झाला, रस्ता मोकळा झाला म्हणे! लंडनचे रस्ते काही फार रुंद नाहीत, जुनं शहर आहे, तरीही कितीतरी ठिकाणी एक अख्खी लेन बसला दिलीय. त्यात गाडी घातली तर कॅमेरा फोटो काढतो आणि टीएफएलच्या रस्त्यावर 160 पाउंड दंड घरी येतो, 14 दिवसांत भरला तर निम्मा. याला शिस्त म्हणायची असेल तर म्हणा, पण ती कॅमेऱ्यानं आणलीय. आपण 2006 ला सातारा रोडवर बीआरटी सुरू केला, देशात सुरुवातीलाच, मग लेन अर्धवट ठेवली, त्यात दुचाक्या घुसू दिल्या, आणि शेवटी बीआरटीच चुकीचा म्हणून मोकळे झालो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आकड्यांचं म्हणाल तर लंडनची लोकसंख्या 90 लाखांच्या आसपास आणि बस आठ हजारांच्या वर, शिवाय ट्यूब. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून 2011 च्या जनगणनेतच 48 लाख होते, त्यानंतर किती वाढलेत ते आपण रोज बघतोच, आणि पीएमपीच्या बस दोन हजारांच्या आसपास. त्यात जून 2025 पासून कमीत कमी तिकीट पाचचं दहा झालं. मग लोकं टू-व्हीलर घेणार नाहीत तर काय करतील?

पण एका गोष्टीत मी ग्रुपवाल्यांच्या बाजूनं आहे. 2018 ला महापालिकेनं पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं तेव्हा सगळे चिडले होते, आधी बस द्या मग पैसे मागा, आणि ते धोरण कागदावरच राहिलं. ही मागणी बरोबरच होती. लंडननी 17 फेब्रुवारी 2003 ला मध्य शहरात गाडी आणायला 5 पाउंड लावले तेव्हा त्याच दिवशी 300 जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. (2020 मध्ये तो आकार 15 पाउंडांवर गेला.) विरोध तिथंही भरपूर झाला, पण गाडी घरी ठेवणाऱ्याला थांब्यावर बस दिसली. आता पुण्यात नगरसेवक परत आलेत, तर पुढच्या वेळी पे-अँड-पार्कचा विषय निघाला की काका, नुसता विरोध करू नका, त्याच रस्त्यावर किती बस वाढवणार आणि कोणत्या तारखेपासून, हे त्यांच्याकडनं लिहून मागा.