पोट बिघडलेलं असताना पळायला कसं लागावं

पळायला सुरुवात करायची तर जुलैतच करा. हिवाळ्यात काय कोणीही पळतं, डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची, थंडगार हवा, त्यात कसलं आलंय कौतुक. जुलैत नळाला मातकट पाणी यायला लागलं, टेकडीवर चिखल झाला, शेजारच्या विंगमध्ये दोघांना गॅस्ट्रो झाला की समजा मुहूर्त लागला.

पहिलं काम बुटांचं. दुकानातला मुलगा तुम्हाला दहा पावलं चालायला लावतो आणि सांगतो की सर तुमचे पाय आतल्या बाजूला पडतात. चाळीस वर्षं पडतायत, आजपर्यंत कोणी तक्रार केली नव्हती, पण आता कळलंय म्हटल्यावर साडेआठ हजार द्यावेच लागतात. बूट घरात आले की बायको किंमत विचारेल, तुम्ही 'सेलमध्ये होते' एवढंच सांगा आणि लगेच पाणी प्यायला आत जा.

मग ॲप घ्या. ते नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरवालं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. वाचायला एकदम सोपं वाटतं. ६० सेकंद किती लांब असतात हे टेकडीच्या चढावर चौथ्या फेरीत कळतं, तेव्हा बाजूने सत्तरीच्या एक आजी साडीवर स्पोर्ट्स शूज घालून गप्पा मारत पुढे निघून जातात.

आता मुख्य मुद्दा, ज्यूस. पुण्यात कुठल्याही टेकडीच्या नाहीतर बागेच्या बाहेर सकाळी एक टेबल लागलेलं असतं, त्यावर कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, बीट असे रांगेने कॅन. मी कुठल्या टेकडीखाली प्यायलो ते सांगत नाही, तो माणूस मला ओळखतो. टेबलाखाली एक निळी बादली असते. पिऊन झालेला ग्लास त्या बादलीत एकदा बुडतो, एकदा गोल फिरतो, बाहेर येतो आणि त्यात तुमचा ज्यूस पडतो. सहा वाजता बादलीतलं पाणी पाण्यासारखं असतं, साडेसातला ते फिकट हिरवं होतं आणि वर बिटाचा एक गुलाबी तवंग येतो, दिसायला खरंच सुंदर. तुम्ही साडेसातला जा. आणि लक्षात ठेवा, तुम्ही तेच लोक आहात ज्यांनी २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा महिनाभर पाणी उकळून, गाळून, परत उकळून प्यायलं, पाणीपुरीवाल्याकडे बघितलं नाही, आणि कॅम्पिलोबॅक्टर हे त्यातल्या जंतूचं नाव वॉचमनलाही पाठ करून दिलं. पण हा ज्यूस हेल्दी आहे ना, हेल्दी गोष्टीत जंतू कसे असतील. दुधी कडू लागला तर मात्र थुंकून टाका, कडू दुधी खरंच विषारी असू शकतो, उपरोधिक लेख म्हणून हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका.

यानंतर साधारण दीड-दोन दिवसांनी तुमचं ट्रेनिंग सुरू होतं. रात्री अडीच-तीनला. पोटात आधी गुरगुर मग पीळ, आणि मग तुम्ही उठता. आमच्या बेडरूमपासून बाथरूम अकरा पावलं आहे, मध्ये मुलाची सायकल. ॲपच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला जो वेग जमणार नव्हता तो त्या रात्री आपोआप जमला, वॉर्मअपशिवाय. घड्याळ हातातून काढू नका. सकाळी ते अभिनंदन करतं, पल्स १२४, झोप ४१ मिनिटं, आज जरा जपून.

आता घरच्या डॉक्टरांकडे वळू. आई सहाणेवर जायफळ उगाळून आणेल, ते चाटा. सासूबाई फोनवर दह्यात मेथीदाणे सांगतील, तेही गिळा. मावशी कुटजारिष्ट म्हणेल, बाबा कोऱ्या चहात लिंबू, वहिनी डाळिंबाची साल. कुणाचंच मन मोडू नका, सगळं अर्ध्या अर्ध्या तासाने घ्या, म्हणजे नेमकं कशाने काय झालं हे पुढे कोणालाच कळणार नाही आणि प्रत्येकाला वाटेल माझ्यामुळेच बरा झाला. मधे भाताची पेज आणि मूगडाळ खिचडी येईल, ती तेवढी गुपचूप खा.

मग मेडिकल. तिथे चार बायका उभ्या असतानाच जा, कारण तो 'उलट्या पण आहेत का नुसतेच जुलाब' हे मोठ्यानेच विचारतो. तो पट्टी कापून चार गोळ्या देईल, त्यात एक अँटिबायोटिक असेलच. बहुतेक वेळा असलं इन्फेक्शन आपलं आपण जातं आणि व्हायरल असेल तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, पण हे त्याला सांगायला जाऊ नका, तो म्हणेल साहेब मग डॉक्टर कोण. जुलाब थांबवायची गोळीही मागा, ताप असला किंवा रक्त पडत असलं तर ती घेऊ नये म्हणतात, पण आपल्याला सात वाजता ग्रुपबरोबर पळायचंय ना.

ओआरएसचं पाकीट मात्र फार मनापासून चुकवा. त्यावर लिहिलेलं असतं एक लिटर पाण्यात, म्हणून आपण ते एका ग्लासात कालवायचं, स्ट्रॉंग. खरं म्हणजे त्यातली करामत सगळी प्रमाणातच आहे. साखर आणि मीठ ठरावीक हिशोबात असले की ते जोडीने आतड्यातून आत शिरतात आणि पाठोपाठ पाणी ओढून नेतात, दाट केलं की उलटं, आतलंच पाणी बाहेर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांतून वाटलं, रुग्णांचे नातेवाईकच पाजत होते, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. एवढी स्वस्त आणि एवढी मोठी गोष्ट. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण त्यात मजा नाही, त्यापेक्षा सफरचंदाच्या फ्लेवरचा तो गोड डबा आणा, नावात ओआरएस घालून विकायचे तो, २०२५ मध्ये त्या नावावरच बंदी आली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळवा, 'टमी इश्यू'. जुलाब हा शब्द रनर लोक वापरत नाहीत. लगेच बासष्ट वर्षांचे एक काका लिहितील की हलकं पळून या, घाम निघाला की इन्फेक्शन निघतं. मग कोणीतरी ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण देईल, २००५ ची लंडन मॅरेथॉन, बाई पोट बिघडलं म्हणून रस्त्याच्या कडेलाच बसल्या, उठल्या आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत शर्यत जिंकल्या. हे वाचून तुम्हाला स्फूर्ती आलीच पाहिजे. तुम्हाला एकूण १ मिनिट पळता येतं ही गोष्ट क्षुल्लक आहे.

मी गेलो. बूट घातले, खाली उतरलो, सोसायटीच्या गेटपर्यंत पोचलो. पळताना शरीर पोटाकडचं रक्त काढून पायांकडे पाठवतं, धडधाकट माणसाच्याही पोटात त्याने गडबड होते, माझ्या पोटाकडे तर त्या दिवशी द्यायला काही शिल्लकच नव्हतं. वॉचमनच्या खुर्चीत बसलो. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उठून लिफ्टचं बटण दाबून ठेवलं. त्या माणसाला यंदा दिवाळीला जास्त पैसे द्यायचेत.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलात तर पळायचं काढू नका. मी काढलं. त्यांनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूच खाली गेली, आणि विचारलं शेवटची लघवी कधी झाली. मला आठवेना. ॲपमध्ये ते नोंदवायची सोय नाही. ओआरएसचीच पाकिटं लिहून दिली, आणि सांगितलं की ताप आला, रक्त पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना तर रात्री-अपरात्री ॲडमिट व्हा, आणि नीट जेवायला लागून दोन दिवस होईपर्यंत पळणं बंद. दोनशे रुपयांत. बुटांच्या दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात माझं साडेतीन किलो वजन उतरलं. ऑफिसात सगळे म्हणाले रनिंग दिसतंय हां. तुम्हीही फक्त हसा.

बाराव्या दिवशी परत टेकडीवर गेलो, ६० सेकंद पळालो, ९० सेकंद चाललो, मग नुसताच चाललो, मग उतरलो. खाली तो टेबल मांडून उभा होता. दादा, बरेच दिवस दिसला नाहीत, आजारी होतात का, चेहरा पार उतरलाय, दुधी घ्या थोडा, पोटाला थंड. बादलीकडे बघितलं, नुकतीच भरली होती.

तुम्ही घेतलात तर अर्धाच ग्लास घ्या. मी पण अर्धाच घेतला.