कडा लाल, मधी साफ

एका अनोळखी मावशीने वीस-बावीस माणसांसमोर माझ्या जांघेचं वर्णन केलं, त्याला आज बारा दिवस झाले. त्या माणसांतले दोघे आमच्या पतसंस्थेचे खातेदार होते. एकाचे तीन हप्ते थकलेत. आता ते येतील असं मला वाटत नाही.

मी वसुलीला आहे. वसुली हा धंदा चेहऱ्यावर चालतो. थकबाकीदाराच्या उंबऱ्यावर उभं राहून कपाळाला आठ्या घालायच्या आणि "साहेब वर विचारतात, मी काय सांगू?" असं खालच्या पट्टीत म्हणायचं. आणि नेमकं त्याच क्षणी मांडीच्या आत आग पेटावी? हात खिशात घालून चिल्लर शोधायचं नाटक मी जूनपासून करतोय. एका बाईंनी कीव येऊन मला सुट्टे वीस रुपये दिले. हप्ता नाही दिला.

सुरुवात पहिल्या पावसात झाली. कोल्हापुरात पाऊस लागला की महिना महिना कपडे वाळत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दोरीवरची चड्डी सकाळी हाताला गार लागते. ती ओली आहे की नुसती गार, हे घातल्यावर कळतं. तशीच घालून दिवसभर मोटारसायकलवर. मग खाज, मग मेडिकल. मी म्हणालो, "जरा ते… हे… खाजेवरचं." दुकानदाराने मान वर न करता फळीवरची ट्यूब काढून कागदात गुंडाळली. कुठे, कधीपासून, कसं दिसतं, काहीच विचारलं नाही. तेव्हा मला तो फार सुसंस्कृत माणूस वाटला होता.

ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज गुल. बंद केली की आठवड्यात दामदुप्पट. परत ट्यूब. असं करत गणपती आले. आरती झाल्यावर आमचे वडील बाप्पाची बारा नावं म्हणतात. सुमुखश्चैकदंतश्च कपिलो गजकर्णकः. नेमकं 'गजकर्णकः'ला माझा हात खाली गेला आणि बायकोने ताम्हनाआडून माझ्याकडे असं काही पाहिलं की दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर शोधला. गजकर्ण! या खाजेचं काय भारदस्त नाव आहे बघा! हत्तीचा कान. साहेबाच्या भाषेत हा रिंगवर्म, म्हणजे गोल किडा, आणि त्यात किड्याचा पत्ता नाही, निव्वळ बुरशी. डॉक्टरी नाव टिनिया, तेही लॅटिनमधल्या कपडे खाणाऱ्या कसरीवरून आलेलं. आपण मात्र थेट गणपतीच्या पंगतीला बसवला. बरा कसा होईल?

आम्ही शिवाजी पेठेतले. म्हणून मुद्दाम लांबचा, राजारामपुरीतल्या एका गल्लीतला दवाखाना धरला. केसपेपर काढला, सतरा नंबर मिळाला, कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि पेपर उघडून मांडीवर ठेवला.

कातडीच्या डॉक्टरकडे बसलेला प्रत्येक माणूस केस गळतात म्हणून आलेला असतो. कुणालाही विचारा. माझ्या शेजारच्या गृहस्थांना गळायला एकही केस शिल्लक नव्हता, तरी ते "केसांचंच जरा" म्हणाले. सगळे एकमेकांपासून एक खुर्ची सोडून, भिंतीकडे बघत. एसटी स्टँडवर जो कोल्हापुरी माणूस दोन मिनिटांत तुमचं गाव, भावकी आणि उसाचा टनेज काढून घेतो, तो इथे मुका.

आणि मग मावशी आल्या. हिरवं इरकल, कपाळाला आडवं कुंकू, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. बसल्या बसल्या त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर धरून सगळ्यांना दाखवला. नख पिवळं, जाड, कडेने भुगा झालेलं.

"नखाला बुरशी," त्यांनी जाहीर केलं. "जलमभर पाण्यात हात. सहा म्हैनं गोळ्या खाल्ल्या तरी हळूहळूच येतंय नवं नख. तुमचं काय गं?"

हे समोरच्या कॉलेजच्या पोरीला. पोरीने गळ्याभोवती ओढणी घट्ट केली. तिची आई म्हणाली, "केस गळालेत तिचं."

"केसाला ओढणी कशाला?" मावशी उठल्या, गेल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ओढणी बोटाने जराशी बाजूला केली. मानेवर, खांद्याकडे फिकट पांढरे ठिपके. "नखानं जरा खरवड. बघ, पिठासारखं निघतंय का? निघालं. खाज लई न्हाई न्हवं? मग शिबं हायत ही. घामानं येत्यात, कुणाला लागत न्हाईत. कोड असतं तर पांढरंफेक असतं आणि भुगा नसता."

त्या आईने आवंढा गिळला. मग कळलं की पोरीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते आणि चार दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. इथपर्यंत मलाही मावशींचं कौतुक वाटत होतं, हे मान्य करतो.

दाराजवळ एक चौकोनी कुटुंब होतं. नवरा, बायको, दोन पोरं. चौघंही खाजवत होती, पण एका लयीत, म्हणजे एक थांबला की दुसरा.

"रातीला जास्त येती का दिवसा?"

"रातीला," नवरा म्हणाला. "झोप न्हाई मावशी."

"बोटं बघू." धाकट्याने पंजा पसरला. बोटांच्या बेचक्यात बारीक फोड आणि एक वाकडी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी. "मनगटाला हाय? कमरंला? बेंबीपाशी? झालं तर. खरूज. किडा कातडीत बीळ करतोय, आर्धा मिलिमीटर बी नसतोय मेला. डॉक्टर मलम देतील, ते गळ्यापासनं पायाच्या बोटापतुर लावायचं, रातभर ठेवायचं, आन् चौघांनी एकाच राती. एकानं जरी कट्टाळा केला की पुन्यांदा पयलंच. आठ दिवसांनी परत एकदा. चादरी-कापडं गरम पाण्यात."

हे ऐकताना मी माझी खुर्ची, आवाज न करता, सहा इंच मागे घेतली. मावशींना पाठीला डोळे होते.

"ओ दादा, सरकू नका. नुसतं जवळ बसून न्हाई लागत. लई वेळ हातात हात घेऊन बसलं, एका हतरुनात झोपलं तर लागती. तुम्ही काय हात धरून बसणार हायसा त्यांचा?"

हशा. आणि तो हशा विरायच्या आत, "तुमचं काय?"

"केस," मी म्हणालो.

"कुठलं?"

यावर जो हशा झाला त्याला मी हशा म्हणणार नाही. केसपेपर देणारी मुलगी टेबलाखाली गेली. टकलू गृहस्थ खोकू लागले. मी पेपर वर धरला; तो नेमका सरकल्यामुळे मांडी उघडी पडली, म्हणजे पॅन्ट होती, पण मला उघडी पडल्यासारखं वाटलं.

"आल्यापास्नं पाय फाकून बसलायसा," मावशी आकडेवारी देऊ लागल्या. "चारदा खिशात हात घातला, काय काढलं न्हाई. जांघंत हाय. लाजताय कशाला, आमच्या मालकांस्नी बी हुतं. कडा लाल, मधी साफ, असं?"

"आधी होतं," माझ्या तोंडून निघालं. का निघालं, याचा मी बारा दिवस विचार करतोय.

"आणि आता?"

"आता सगळं एकच झालंय. काळपट. पसरलंय."

"ट्यूब लावली." हा प्रश्न नव्हता. "किती?"

"नऊ."

मावशींनी कपाळावर हात मारला. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. "आगाई गं! कडच पुसून टाकलीसा की! आता डॉक्टरनं वळखायचं कशावरनं?" आणि मग खोलीला उद्देशून, जसं काही मी स्लाइडवरचा नमुना आहे, "हे बघा, असं करायचं न्हाई."

विद्येचा उगम त्यांनीच सांगितला. "बावीस वर्सं तालमीत भाकऱ्या थापल्यात मी. पैलवानाची पोरं ती, एकाचा लंगोट दुसरा घालणार, अंगाला अंग घासणार. एकाला गोल उठला की पंधरा दिवसांत निम्म्या तालमीला. वस्ताद रोज सकाळी पाठी, माना बघायचे. गोल दिसला की कुस्तीचा हौद बंद! कितीबी मोठा पैलवान असंना. मातीत ताक, हळद, लिंबू, त्याल घालत हुते, तरी बी." कुस्तीगिरांच्या गजकर्णाला डॉक्टरी पुस्तकांत वेगळं नाव आहे, ग्लॅडिएटरांच्या नावावरून, हे मी घरी येऊन वाचलं. म्हणजे खासबागेच्या कुस्तीगिराला जे व्हायचं ते मला पतसंस्थेच्या गाडीवर बसून झालं. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंय, निदान खुराक तरी लागला नाही."

तेवढ्यात सतरा नंबर पुकारला. मी उठलो तर मावशी माझ्या पुढे. "माझं अर्ध्या मिंटाचं काम हाय, नख दाखवून येतो." त्या आत गेल्या. अठरा मिनिटं. आतून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज. नंबर त्यांचा एकोणतीस होता, हे मी पाहिलंय. खोलीतल्या एकानेही हरकत घेतली नाही, उलट मी घड्याळ बघितलं तर माझ्याकडेच रागाने बघितलं.

डॉक्टरांनी मला दोन सेकंद पाहिलं. मोजून दोन. बाकीचं काम मदतनीस पोराने केलं: ब्लेडच्या कडेने कातडीचा भुगा खरवडला, काचेवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी राहते. मी हट्टच धरला म्हणून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. धुरकट पाण्यात बारीक, फांद्या फुटलेले दोरे. भिजलेल्या गोधडीचा धागा उसवावा तसे. चार महिने मी ह्यांना पोसत होतो.

पोसत होतो हे डॉक्टरांचे शब्द. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध नावाला आणि सोबत क्लोबेटासोल, सगळ्यांत जहाल स्टेरॉइडांपैकी एक. स्टेरॉइड खाज मारतं, लाली मारतं, म्हणजे बरं वाटतं; पण कातडीचा पहारेकरीही झोपवतं आणि बुरशी मजेत पसरते. गोल कडा जाते. याला ते टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, वेषांतर केलेला गजकर्ण. वर कातडी पातळ होते, पांढरे ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. माझे पडलेत. दाखवणार नाही.

इथे मला विनोद सुचत नाही. 2018 साली सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मी नऊ ट्यूब घेतल्या, एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही. सहाव्या वेळी तर त्याने मला लांबून बघूनच फळीकडे हात नेला. आणि मीही सुटलो म्हणत घेतली, कारण बोलावं लागत नव्हतं. अशा हजारो जांघांत पसरलेल्या बुरशीच्या एका नव्या जातीला 2020 साली जपानी संशोधकांनी नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. टर्बिनाफिन ही बुरशीवरची नेहमीची गोळी तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. देशाचं नाव जगात निघालं ते असं, आमच्या मांड्यांतून.

फी पाचशे रुपये. मावशींनी हेच फुकट सांगितलं होतं, पण तेवढ्यात माझी अब्रू गेली, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटतो.

घरी आता माझा टॉवेल वेगळा. बादली वेगळी. दोरीच्या टोकाला, बाकीच्या कपड्यांपासून दोन हात अंतरावर, माझा पंचा वाळीत टाकल्यासारखा लटकतो. चड्डीला दोन्ही बाजूंनी इस्त्री. इस्त्री करताना बायको काही बोलत नाही, फक्त पाण्याचा हबका जरा जोरात मारते. कडा गेली तरी पुढे दोन आठवडे औषध सोडायचं नाही, असं बजावलंय. गेला आठवडा खाज कमी आहे, खरं सांगतो.

तर काल वसुलीला निघालो, चार महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही हात खिशाबाहेर ठेवून. उपनगरातला एक थकबाकीदार, पाच हप्ते. मी आठ्या घातल्या. त्याने मला आत बसवलं, चहा मागवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या." मी सोडवायला बघितला तर आणखी घट्ट. पोरीची फी, आईचं ऑपरेशन, म्हशीचं आजारपण, सगळं सांगून होईपर्यंत चहावर साय धरली. वीस मिनिटं तरी गेली असतील. मला खरंच गलबलून आलं, "बघतो" म्हणालो. मग चहाचा कप घ्यायला त्याने हात सोडला आणि त्याच हाताने मनगट खाजवलं. मग बोटांची बेचकी. मग कंबर.

"रात्री जास्त येते का दिवसा?" मी विचारलं.

"रातीलाच की. तुम्हाला कसं कळलं साहेब? घरात सगळ्यांनाच सुटलीया."

पहिल्यांदा खरूज लागली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. घरी येऊन कॅलेंडरवर मोजले. दिवाळीच.