साडेचार किलो कशाचे?

सकाळी सात वाजता न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी उकिडवा बसून मी टेस्टिंगच्या हातपंपाचा दांडा दाबत होतो. १५ मिलिमीटरची तांब्याची नवी लाईन, खाचा अजून उघड्या. गिलाव्याआधी गळतीची टेस्ट, एवढंच काम होतं. तेवढ्यात कुंपणावर नाना उगवले.

“काय करी राह्यना भो?”

“प्रेशर टेस्ट. साडेचार किलोवर.”

“साडेचार किलो? कशाचे? भरीत करनं शे का?”

नानांची सगळी विद्या सायकलच्या ट्यूबमधून आलेली. “पाणी कशाले? कॉम्प्रेसर आन, हवा मार, साबन लाव!” म्हटलं, नाना, पाणी दबत नाही. सांधा सुटला तर चार थेंब उडतात आणि दाब लगेच उतरतो. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते, प्लग सुटला तर गोळीसारखा येतो.

“कोनाकडे?”

“कुंपणाकडे.”

नाना दोन पावलं मागे सरकले आणि घरातून खुर्ची घेऊन आले.

किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब, आणि साडेचार कशाला, हेही समजावलं. गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटर उंचीला एक किलो, म्हणजे आमच्याकडे तेवढाही नाही. पण पुढे प्रेशर पंप बसणार, तो तीन किलोचा. टेस्ट त्याच्या दीडपट. म्हणून गिझर आणि गरम-थंड पाण्याचे मिक्सर नळ सोडवून ठेवले, उघडी तोंडं प्लग केली. पाणी खालून भरलं आणि सगळ्यांत वरचा नळ, धार उचक्या द्यायची थांबेपर्यंत, उघडा ठेवला. हवा राहिली तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रबरासारखा वागतो आणि बारीक गळती लपते. आधी एक किलो, सांध्यांवरून एक फेरी, मगच पूर्ण दाब. गेज शून्य ते दहाचं घ्यावं, काटा मधोमध राहतो.

“पडनं!” नाना ओरडले. दहा मिनिटांत ४.५ चे ४.२.

मी कोरडा पेपर घेऊन एकेक सांधा पुसत सुटलो. चौदा सांधे, सगळे कोरडे. डाग (सोल्डर) द्यायचा विसरलेला सांधा नुसत्या फ्लक्सवरही, म्हणजे डागाआधी लावायच्या पेस्टवरही, कमी दाबाला टिकतो, म्हणून ही सगळी उठाठेव. आणि सापडला तरी दाब शून्यावर आणून पाणी काढल्याशिवाय डाग लागत नाही, सगळी आच पाणीच खातं. “मंग भाकर कोंब,” नाना म्हणाले. हे अगदीच खोटं नाही. निथळणारं पाणी अडवायला काही प्लंबर पाव कोंबतात, नंतर तो विरघळून वाहून जातो. कळण्याच्या भाकरीची हमी मी देणार नाही.

तेवढ्यात नानांनी खुर्चीतूनच वाकून पंपाच्या नळीच्या नटाला बोट लावलं.

“आठेच गळी राह्यनं ना!”

गळत होता पंपाचाच वॉशर. पंप आणि लाईन यांच्यामध्ये व्हॉल्व्ह असतो, पूर्ण दाब आला की तो बंद करायचा, गेज लाईनच्या बाजूला. हे जगाला सांगणारा मी तो उघडाच ठेवून बसलो होतो. दुकानात वॉशर मागितला तर म्हणे, भाड्याच्या पंपाची झीज भाडेकऱ्याची. तीनशे रुपये रोज मोजायचे, वर वॉशरही आपलाच! पंप परत घेताना मात्र वाकून वाकून तपासतात.

वॉशर बदलून पुन्हा साडेचार केलं, व्हॉल्व्ह आठवणीने बंद केला. तोवर नऊ वाजले, गच्चीवरचा पाईप उन्हात आला आणि काटा आपला आपण पाचावर चढला. बंद पाईपातलं पाणी तापलं की दाब वाढणारच, इथलं ऊन नऊलाच कामाला लागतं. थोडं पाणी सोडून काटा खाली आणला. दुसऱ्या दिवशी सातच्या आत टेस्ट पुन्हा घेतली. तासभर काटा हलला नाही, शेवटी दाबही हळूहळूच उतरवला.

लाईन पास झाली. गल्लीत बातमी वेगळीच: “त्याले गळती सापडे ना, मीच दखाडी.”

खुर्ची अजून कुंपणापाशीच आहे.