मिसिसिपीचा दाखला देताना

रविवारी सकाळी मिरजेला फोन लावला की गेले काही महिने आमचा अण्णा एकच विषय काढतो. अण्णा म्हणजे माझा थोरला आतेभाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. “आठवीपर्यंत ढकलपास करून पोरांची माती केली. आता पाचवी-आठवीला नापास करायची सोय झाली ते बरंच झालं. तुमच्या अमेरिकेत तरी दुसरं काय चालतं? मिसिसिपीत तिसरीलाच बसवून ठेवतात, आणि बघ ते राज्य कुठल्या कुठे गेलं!” हा मिसिसिपीचा दाखला मग दुसऱ्या मित्रांकडूनही ऐकू येतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

अण्णाचं दुखणं खरं आहे. आठवीतल्या मुलाला मराठीचा उतारा धड वाचता येत नाही, हे त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या वर्गात पाहिलं. मुलांच्या वाचनाची गावोगाव पाहणी करणाऱ्या ‘असर’चे अहवालही तेच सांगतात: ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. त्यावर वाद नाही. वाद आहे तो अमेरिकेचं नाव घेऊन अर्धीच गोष्ट सांगण्यावर. माझी मुलं इथे न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकतात, आणि कायद्याने शाळा कशी घडते नि कशी बिघडते हे मी घरातूनच बघतोय.

मिसिसिपीने 2013 साली कायदा केला, की तिसरीच्या शेवटी वाचनाची परीक्षा पास झाल्याशिवाय चौथीत जाता येणार नाही. एवढंच समुद्र ओलांडून मिरजेला पोचलं. त्याच कायद्याने केजीपासून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचं वाचन वर्षातून तीनदा तपासायला लावलं. मूल मागे पडतंय असं दिसलं की पालकांना लेखी कळवायला लावलं. सर्वांत कमकुवत शाळांमध्ये राज्याच्या पगारावर वाचन-प्रशिक्षक पाठवले. हे प्रशिक्षक मुलांची शिकवणी घेत नाहीत, वर्गात बसून शिक्षकांना तयार करतात. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून वाचन कसं शिकवायचं, हे राज्यातल्या हजारो शिक्षकांना नव्याने शिकवलं गेलं. चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी बालवर्गांचा कायदाही त्याच वर्षीचा. शिवाय त्याच्या बऱ्याच आधी, 2000 साली, नेटस्केप या इंटरनेट ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख जिम बार्क्सडेल आणि त्यांच्या पत्नीने या राज्यातल्या मुलांच्या वाचनासाठी 10 कोटी डॉलर दिले होते. एवढं सगळं झाल्यावर, चौथीच्या वाचनात देशाच्या तळाशी असलेल्या त्या राज्याने 2019 मध्ये राष्ट्रीय सरासरी गाठली आणि 2024 मध्ये ती ओलांडली. आठवीचे आकडे मात्र अजूनही सरासरीच्या खालीच आहेत, तेही सांगायला हवं.

आता आपलं पाहा. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तरीही जमलं नाही तर राज्याला त्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये तसे नियम केले. मिसिसिपीत मूल अडखळतंय हे केजीत कळतं. आपल्याकडे ते पाचवीच्या एप्रिलमध्ये कागदावर येतं. आणि ते दोन महिने कुठले? भर उन्हाळ्याच्या सुट्टीचे. शिकवणार कोण? कायदा शिक्षकांना जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला जुंपायची मुभा देतो, ती मुभा मात्र पुरेपूर वापरली जाते.

परीक्षेने शाळा सुधारतात, हा प्रयोग अमेरिकेने संपूर्ण देशावर करून पाहिलाय. जानेवारी 2002 मध्ये जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’वर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, आणि 2014 पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल प्रवीण झालं पाहिजे. निकाल सुधारला नाही तर शाळेवर कारवाई. त्या कायद्याने एक फार चांगली गोष्ट केली, ती मी नाकारणार नाही: काळी मुलं, गरीब मुलं, अपंग मुलं, इंग्रजी न येणारी मुलं यांचे निकाल वेगळे दाखवणं सक्तीचं झालं. तोवर शाळेच्या सरासरीआड ती झाकली जायची. पण लक्ष्य गाठता येईना तसे विज्ञानाचे, इतिहासाचे, चित्रकलेचे तास आकसले आणि वाचन-गणिताची घोकंपट्टी वाढली. अटलांटात तर शिक्षकच मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते. 2011 च्या चौकशीत 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, आणि 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली, चाचण्या ठेवल्या आणि शिक्षेची बाजू राज्यांवर सोपवली. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने, जिथे 1852 साली देशातला पहिला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, 2024 मध्ये मतदान घेऊन बारावी पास व्हायला राज्याची परीक्षा लागते ही अटच काढून टाकली.

अण्णाला मी हे सांगतो तेव्हा तो म्हणतो, “मग तुमच्या शाळा चांगल्या कशामुळे?”

माझ्या धाकट्याला दुसरीत वाचताना ओळी उड्या मारताना दिसायच्या. त्याच्या बाईंनी ते ओळखलं आणि मला म्हणाल्या, लेखी विनंती द्या. विनंती दिली की 20 दिवसांत शाळेने बैठक घ्यायची आणि पालकांनी संमती दिली की 90 दिवसांत तपासण्या पूर्ण करून आयईपी, म्हणजे त्या एका मुलापुरता शिक्षणाचा लेखी आराखडा, लागू करायचा, असा इथला नियम आहे. टेबलाभोवती मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षिका, वर्गशिक्षिका आणि आम्ही दोघं. मी सही करेपर्यंत तो आराखडा लागू होणार नव्हता आणि पटला नसता तर सुनावणी मागायचा हक्क मला होता. हे मला कोणाच्या चांगुलपणामुळे मिळालं नाही. 1975 च्या कायद्यामुळे मिळालं. त्याआधी अपंग मुलांना “आमच्याकडे सोय नाही” म्हणून शाळा दारातून परत पाठवत. त्या कायद्याने शाळेला तारखा घालून दिल्या, कामं लावून दिली, पालकाच्या हातात कागद दिला. जादा खर्चाचा 40 टक्के वाटा उचलू असं वॉशिंग्टनने तेव्हा म्हटलं होतं आणि तेवढा वाटा आजवर कधीच दिला नाही. तरी शाळा त्या मुलाला नाकारू शकत नाही. दर शाळेमागे असा मुलाच्या बाजूने उभा असलेला एक कायदा, हे मला या देशात सगळ्यात मोलाचं वाटतं. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इंग्रजी न कळणाऱ्या मुलापुढे इंग्रजी पुस्तक ठेवलं म्हणजे समान शिक्षण दिलं असं होत नाही. माझ्या थोरलीचा ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचा, वर्ग त्या निकालाच्या जोरावर चालला.

पैशाच्या बाबतीत मात्र इथलं चित्र काळं आहे, आणि ते लपवून मला अमेरिकेची तरफदारी करायची नाही. शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून होतो. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. 1973 मध्ये टेक्सासच्या गरीब वस्तीतले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असं ठरवलं, की देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. भारताच्या घटनेत तो 2002 च्या दुरुस्तीपासून आहे, आणि याचा मला इथे राहून अभिमान वाटतो. न्यू जर्सीच्या न्यायालयाने मात्र राज्यघटनेतल्या एका वाक्याला धरून सरकारला सोडलं नाही. ॲबट खटल्याचे निकाल 1985 पासून येत राहिले. गरीब जिल्ह्यांना श्रीमंत गावांइतका पैसा द्या, तीन-चार वर्षांच्या मुलांना बालवर्ग द्या, असं न्यायालय सांगत राहिलं. आम्ही घर घेताना शाळा बघूनच गाव निवडलं, आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने तेच केलं. त्या निकालांतल्या गरीब, ‘ॲबट’ जिल्ह्यात आमच्यापैकी कोणी राहायला गेलं नाही.

“तुझी पोरं तिथं शिकतात, तू कशाला आमच्या शाळांवर बोलतोस?” अण्णाने हे एकदा म्हटलं, आणि ते लागलं. माझा पासपोर्ट भारताचा आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही अजून उभे आहोत. गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मला मत नाही. तरी माझ्या मुलांचा शाळेवर पूर्ण हक्क आहे. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही शाळा नाकारता येत नाही, हे 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलंय. बोर्डाच्या बैठकीत कोणीही रहिवासी उठून बोलू शकतो. मी जातो, मागच्या रांगेत बसतो, आणि बोलत नाही. माझा सगळा आवाज मिरजेच्या फोनवर निघतो. ज्या शाळेत मी शिकलो, जिच्या पटावर आता माझ्या घरातलं कोणी नाही, तिच्यावरून मी भावाशी, मित्रांशी भांडतो. तो वाद सोडला तर मी तिथला कशावरून, हे मला सांगता येणार नाही.

म्हणून अमेरिकेचा दाखला आला की मला शाहू महाराज आठवतात. मिसिसिपीने शिक्षण सक्तीचं केलं 1918 मध्ये, देशात सर्वांत शेवटी. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं त्याच्या एक वर्ष आधी, 1917 मध्ये. बडोद्यात सयाजीरावांनी ते 1906 मध्येच केलं होतं. मूल शाळेत पाठवलं नाही तर शाहू महाराजांनी दंड बसवला तो पालकाला, आणि खर्च उचलला संस्थानाने. मिरजेपासून तासाभरावर झालेली ही गोष्ट सोडून अण्णाला मिसिसिपी का लागावी?

मी त्याला म्हटलं, नापास करण्याआधी शाळेने पहिलीपासून त्या मुलासाठी काय केलं ते लिहून पालकाच्या हातात द्यावं, एवढी एक अट तरी घाला. तो चिडला. “द्विशिक्षकी शाळा आहे रे. दोघांत पाच वर्ग, वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती. लिहिणार कोण?” शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलंय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 2019 च्या दुरुस्तीत परीक्षेचं कलम बदललं, या ओळीला कोणी हात लावला नाही. तो आकडा बदलून घ्यायला अण्णा निवेदन लिहिणार असेल तर त्यावर माझीही सही आहे.