अर्ध्या तासाची सोय

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दहाला असते, म्हणजे साडेदहाला. सप्टेंबर सहकार कायद्याच्या धाकाने. ३० तारखेच्या आत सभा झालीच पाहिजे. साडेदहा मात्र उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीच्या, कृपेने. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे २० सभासद किंवा एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश, यातला लहान आकडा म्हणजे गणपूर्ती, सभेला लागणारी किमान हजेरी. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! हे कलम ज्याने लिहिलं, त्याने कधीतरी गच्चीवर सतरंजी टाकून एकट्याने वाट पाहिली असणार.

मी तळमजल्यावर राहतो. लिफ्टशी माझा संबंध फक्त बिलापुरता. यंदा उठून विचारलंच, "मी कशाला भरू?" सेक्रेटरीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उपविधींचं पुस्तक उघडलं. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा. कुणी वापरो वा न वापरो. सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, मग चहाला येत जा की वर!"

पाण्याचा हिशेब निराळा. तिथे माणसं नाही, नळ मोजतात.

पण सभेचा खरा विषय गळती. गच्चीतून गळलं तर खर्च सोसायटीचा. वरच्यांच्या बाथरूममधून गळलं तर ज्याचं त्याने निस्तरायचं. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक थेंब गच्चीतूनच निघतो. दुसऱ्या मजल्यावरच्या छताला ओल आली आहे. तिच्या बरोब्बर वर तिसऱ्या मजल्याचं न्हाणीघर. तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गच्चीचं काम काढा." मधले पाच मजले कोरडे ठेवून पाणी खाली कसं आलं, असं विचारल्यावर म्हणाले, "पाण्याचं काही सांगता येत नाही." (याच गृहस्थांची मेंटेनन्सची थकबाकी आहे. तिच्यावर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, हे काकांनी वाचून दाखवताच त्यांना फोन आला.)

अखेर ठराव झाला: गळतीच्या पाहणीसाठी उपसमिती. तळमजलावाला तटस्थ म्हणून माझं नाव घातलं. सूचक काकू, अनुमोदक बाकी सगळे.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बाथरूम दाखवायला नकार दिलेला नाही. त्यांना फक्त लेखी नोटीस हवी आहे, पूर्ण १४ दिवसांची, सभेला देतात तशी.