जिना, व्हरांडा आणि सिरियलमधलं बाळंतपण

सध्या रात्री जेवताना सासूबाईंसोबत जी सिरियल बघितली जाते तिच्यातल्या सुनेला दिवस गेलेत, आणि मी तेव्हापासून फक्त त्या घरातल्या जिन्याकडे बघतेय. कारण आपल्याला माहितीये ना, सिरियलच्या घरात गरोदर बाई आणि जिना दोन्ही असले की जिना कामाला येणारच. तेल सांडणार, नाहीतर धाकट्या जावेने पायरीवर काहीतरी ठेवलेलं असणार, मग स्लो मोशन, मग हॉस्पिटल, मग डॉक्टर चष्मा काढून "आय ॲम सॉरी". बाळ गेलं. आणि कोणीतरी काहीतरी केलं म्हणूनच गेलं.

व्हिलन पाहिजे, टीआरपी पाहिजे, मान्य. पण ही गोष्ट टीव्हीतून उतरून आपल्या घरात येऊन बसते त्याचं काय? माझ्या एका मैत्रिणीचं नवव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं तेव्हा तिला भेटायला येणारा प्रत्येक माणूस जिनाच शोधत होता. स्कूटीवर गेलीस का, पपई खाल्लीस का, माळ्यावरचा डबा कशाला काढलास, ऑफिसला एवढे जिने चढायची काय गरज होती. कोणी वाईट मनाने विचारत नव्हतं हो, पण विचारत होते. आणि ती बिचारी रात्री जागून आठवत बसायची की त्या रविवारी आपण सिलिंडर सरकवला होता. डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं होतं की लक्षात आलेल्या शंभर गरोदरपणांतली दहा-पंधरा तरी अशी सुटतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत जे जातं त्यातल्या निम्म्याच्या आसपास केसेसमध्ये गर्भाच्या क्रोमोसोममध्येच गडबड असते, म्हणजे तू सिलिंडर उचलून नाचली असतीस किंवा गादीवर झोपून राहिली असतीस तरी तेच झालं असतं. पण डॉक्टरांचं वाक्य एक आणि आपण लहानपणापासून बघितलेले जिने शंभर, कोण जिंकणार?

मला खरा राग याचा आहे. सिरियलवाल्यांना मेडिकल कळत नाही याचा नाही. चक्कर आली की वैद्यबुवा मनगट धरून "गोड बातमी आहे" म्हणतात वगैरे ठीक आहे, त्याला आपण हसतो आणि सोडून देतो, किट आणायला मेडिकलमध्येच जातो. पण काही खोट्या गोष्टींना आपण हसत नाही, त्या आपल्याला खऱ्याच वाटतात आणि त्यांचं बिल नेमकं बाईच्या नावावर फाटतं.

आता कळांचंच घ्या. बाई किचनमध्ये भाजी चिरतेय, एकदम पोटाला हात, फरशीवर पाणी, पुढच्या सीनला गाडी आणि ट्रॅफिक, त्याच्या पुढच्या सीनला ट्यांहां. प्रत्यक्षात कळांच्या आधी पाणी जाणं हे पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या आठ-दहा जणींचंच होतं, बाकीच्यांचं आधी नुसतं दुखत राहतं, थांबतं, परत दुखतं. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलं की मग खऱ्या कळा धरायच्या असं डब्ल्यूएचओची 2018 ची गाइडलाइन सांगते, आणि तिथून पुढेसुद्धा पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्याच्या आधीच्या वेळेला तर काही ठरलेलं मापच नाही. माझ्या कळा पहाटे सुरू झाल्या, आम्ही धावत गेलो, तिथल्या सिस्टरने तपासून शांतपणे सांगितलं, "दोनच बोटं आहे, घरी जा, काहीतरी खा, चाला." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ठेवले होते आणि आम्ही घरी येऊन पोहे खात होतो, दर दहा मिनिटांनी मी प्लेट खाली ठेवून ओट्याला धरून उभी राहत होते आणि तो मोबाईलमध्ये टायमर लावत होता. हा सीन मी कुठल्याच पिक्चरमध्ये बघितलेला नाही आणि खरं सांगायचं तर माझ्या अख्ख्या बाळंतपणातला तोच सगळ्यात छान वेळ होता.

2009 च्या त्या सुपरहिट पिक्चरमध्ये पोरं भर पावसात टीटी टेबलवर व्हॅक्युम क्लीनर लावून बाळ काढतात ते आठवतंय ना. मीही थिएटरमध्ये रडले होते, खोटं कशाला बोला. पण खरा व्हॅक्युम लावायचा तर तोंड पूर्ण उघडलेलं लागतं, डोकं बरंच खाली आलेलं लागतं, कप डोक्याच्या नेमक्या जागी बसवावा लागतो, कळ येईल तेव्हाच ओढायचं, आणि कप दोन-तीनदा सुटला की नाद सोडून सिझरला घ्यायचं. आणि आईचं काय झालं पुढे? टाके कोणी घातले? वार, म्हणजे प्लॅसेंटा, कोणी काढली? बाळ झाल्यावर वार पडायची असते हे तर कथेतल्या लोकांना माहितीच नसतं, बाळ रडलं की सगळे नाचायला मोकळे. आणि ते बाळ! तीन महिन्यांचं, गुटगुटीत, पावडर लावलेलं. खऱ्या बाळाच्या अंगावर पांढरा लेप, डोकं लांबुडकं, डोळे सुजलेले. आमच्याकडे एका काकूंनी बघून "असं कसं गं डोकं" म्हटलं आणि मी तासभर रडले.

मला वाटतं याचं कारण साधं आहे. आपल्या पिक्चरांमध्ये कॅमेरा कुठे असतो बघा, व्हरांड्यात. येरझारा घालणाऱ्या नवऱ्यासोबत, माळ ओढणाऱ्या सासूसोबत. आतून एक किंकाळी, मग दार उघडतं, "अभिनंदन, मुलगा झाला." ज्यांनी गोष्टी लिहिल्या ते खरोखरच व्हरांड्यात होते, त्यांना आत कोणी घेतलंच नाही, मग ते तेच लिहिणार. आत काय चालतं ते बायका एकमेकींना सांगायच्या, तेही दार लावून, अर्धं गाळून. कुठे काय शेव्ह करतात, दर थोड्या वेळाने वेगळंच कोणीतरी येऊन हात घालून तपासतं, शेजारच्या टेबलावरची बाई ओरडते तेव्हा आपल्या पोटात काय होतं, आणि "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस" हे वाक्य. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितीये कुठलं 'तेव्हा'. सोबत कोणीतरी आपलं माणूस हवं, हे आता डब्ल्यूएचओही सांगते, पण अजून कितीतरी ठिकाणी दार बंदच असतं.

सिझरचं तर विचारूच नका. कथेत सिझर म्हणजे संकट, लाल दिवा, "आई किंवा बाळ, एकालाच वाचवू शकतो". इकडे 2019-21 च्या एनएफएचएसमध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झालीत, महाराष्ट्रात 25.4, आणि देशभरातल्या प्रायव्हेट हॉस्पिटलांत तर 47.4 टक्के, म्हणजे जवळपास निम्मी. त्यातली किती गरजेची आणि किती सोयीची हे भांडण वेगळं आणि ते व्हायलाच पाहिजे, पण ज्या बाईच्या पोटाचे सात थर कापून शिवलेत तिला "नॉर्मल नाही का झालं, अरेरे" ऐकवायचं हे कुठून आलं? जोर लावून, घामाने निथळून, किंचाळून होतं तेच खरं आईपण, हे आपण पडद्यावरूनच शिकलोय.

मरायचं असेल तरी कथेतली बाई सोयीने मरते. बाळाला एकदा बघते, "माझ्या बाळाला सांभाळा" म्हणते, मान टाकते. खऱ्या आयुष्यात मोठी भीती बाळ झाल्यानंतरच्या रक्तस्रावाची असते, आणि तेव्हा बाहेर पेढे वाटप चालू असतं. 2018-20 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात 97 आया गेल्या, महाराष्ट्रात 33. आपला आकडा चांगला आहे, आणि तो कमी झालाय तो सिस्टरने तास-तास उभं राहून पोट चोळून, रक्त बघून, बीपी बघून. त्यावर कोण सिरियल काढणार?

आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतानाही आपण हेच करतो. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं, "म्हणून" त्या डॉक्टर झाल्या. एका वाक्यात बाळंतपण उरकलं आणि आपण बोटीत बसून फिलाडेल्फियाला. चौदा वर्षांच्या अंगाचं त्या दहा दिवसांत काय झालं असेल? त्यांनी 1886 मध्ये एमडीचा प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच.

आता कोणीतरी म्हणणारच की एवढं काय कौतुक, आमची आजी शेतात बाळंत झाली, विळ्याने नाळ कापली आणि दुसऱ्या दिवशी परत खुरपायला. प्रत्येक घरात ही आजी असते. आमच्याकडेही होती, दहा बाळंतपणं, आणि तिची गोष्ट लग्नकार्यात पुरुष मंडळी फार रंगवून सांगायची. दहातली जगली सहा, हे कोणी त्यात सांगत नसे. आणि तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर यायचं, बसताना-उठताना ती ते हाताने आत ढकलायची, जुन्या लुगड्याची घडी लावून ठेवायची, हे मला माझ्या बाळंतपणानंतर आईने सांगितलं, शेक घेताना. आजोबांना माहीत होतं का म्हटलं तर आई म्हणाली, काय माहीत, विचारलं कोणी. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली, तो अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्यांच्यातल्याही कितीतरी जणी कोणाच्या तरी शेतात बाळंत झालेल्या आज्या असतील. तेव्हा सांगा आजीची गोष्ट, जरूर सांगा, फक्त तिसऱ्या दिवशी आणि तिसाव्या वर्षी तिचं काय होत होतं तेही घरातल्या कुठल्यातरी म्हातारीला विचारून घ्या आधी.