भरपाई मागितली म्हणून बाई खोटी ठरत नाही

आज सकाळी एका ग्रुपवर बातमी आली. तक्रार द्यायला आलेल्या बाईवर अत्याचार, हवालदार निलंबित. डोकं फिरलं ते खालच्या कमेंटने. "निलंबन झालं, गुन्हा दाखल झाला, आता भरपाई कसली मागते? म्हणजे पैशासाठीच होतं सगळं." आणि त्यावर लाइकांचा पाऊस! त्यात आपल्या ओळखीचेही आहेत.

मी एका मैत्रिणीबरोबर वकिलाकडे गेले होते. नाव-गाव सांगणार नाही. तिच्याही बाबतीत वर्दीवालाच होता. फौजदारी केसच्या तारखा पडत होत्या. वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, काय काय गेलं ते सांगा. नोकरी गेली होती, कारण कामाचा रस्ता चौकीवरून जायचा. घर बदलावं लागलं, त्याचं डिपॉझिट. झोपेच्या गोळ्या. दर वेळी ती अडखळायची, "हेपण लिहायचं?"

हो बाई, सगळं लिहायचं! फौजदारी खटल्यात त्याला शिक्षा होईल, झाली तर. गेलेल्या नोकरीचं काय? त्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावता येतो. तिथे संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावं लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय एवढंच बघतात. म्हणून तो तिकडे सुटला तरी इकडचा दावा आपोआप संपत नाही. शिवाय राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क मोडल्यावर थेट दाद मागायची याचिका, आहेच. नीलाबती बेहेरांच्या मुलाचा पोलीस कोठडीत जीव गेला. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आईला दीड लाख द्यायला लावले आणि बजावलं, मूलभूत हक्क मोडल्यावर सरकारला सार्वभौमत्वाच्या, म्हणजे 'आम्ही राज्यसत्ता, आमच्यावर दावा चालत नाही' या बहाण्याच्या, आड लपता येणार नाही. 2000 सालचं चंद्रिमा दास प्रकरण घ्या, याचिका करणाऱ्या वकीलबाईंच्या नावाचं. हावड्याला एका बांगलादेशी बाईवर बलात्कार झाला, आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. रेल्वेचं म्हणणं, हे त्यांचं वैयक्तिक कृत्य, आमचा काय संबंध! कोर्टाने ऐकलं नाही. उच्च न्यायालयाने दिलेली 10 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

तर वकीलबाईंकडून बाहेर पडल्यावर मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, "ताई, पैसे घेतलेस तर लोक म्हणतील मिटवलं." मला तेव्हा त्याचा संताप आला होता. पण तो वाईट नाही हो. घाबरलेला होता. त्याने मिटवणं तेवढं पाहिलंय: रात्री कोणीतरी पाकीट घेऊन येतो आणि तक्रार मागे घ्यायला लावतो. कोर्टाने भर दरबारात सरकारकडून वसूल केलेली रक्कम त्याने कुठे पाहिलीय?

हो, दावे वर्षानुवर्षं कुजतात, मान्य. पैसा शेवटी आपल्याच करातून जातो, हेही मान्य. जाऊ दे की! त्या वर्दीवाल्याचा पगारही त्यातूनच जात होता, तेव्हा नाही कोणाला दुखलं.

देसाईगंज पोलीस ठाण्यातलं मथुरा प्रकरण 1972 चं. मथुरा ही आदिवासी मुलगी, ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तिची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. पुढच्या बायकांसाठी. तिची नोकरी, तिचं घर, तिची झोप, असा कागद तिच्यासाठी कोणी पुढे ओढला होता का?

चिडून काय होणार. कामाचं सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, 1987 चा कायदा आहे. पीडित भरपाई योजनेची चौकशीही तिथेच करा. आरोपी सुटला तरी कोर्ट त्या भरपाईची शिफारस करू शकतं. सरकारवर दावा लावायचा तर साधारणपणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि फौजदारी निकाल लागू दे, मग बघू, असं अजिबात करू नका. पोलिसांविरुद्धच्या दाव्यांना मुदत फार तोकडी असते, ती उलटली की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. पहिल्याच भेटीत विचारा, मुदत कधी संपते, आणि उत्तर लिहून घ्या.

ज्यांनी सकाळी लाइक केलं, त्यांनी मला अनफ्रेंड केलं तरी चालेल.